मीडिया आणि समाज: थिअरीबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी समाजशास्त्र शिकवते. बीए-एमएची मुलं, नेट-सेटवाले, एमपीएससीवाले आणि नुसत्या कुतूहलाने विचारणारे लोक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. क्रम पुस्तकातल्यासारखा नाहीये, ज्या प्रश्नावर मला जास्त बोलावंसं वाटलं तिथे जास्त लिहिलंय, बाकीचं पटकन उरकलंय.

मास कम्युनिकेशन म्हणजे नक्की काय? व्हॉट्सअ‍ॅप त्यात धरायचं का?

एका ठिकाणाहून निघालेला मजकूर एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो-लाखो लोकांपर्यंत एकाच वेळी पोचतो, आणि त्या लोकांना उलट बोलायची सोय फारशी नसते, ही जुनी व्याख्या. पेपर, रेडिओ, टीव्ही, सिनेमा यांना ती नीट बसते. व्हॉट्सअ‍ॅप बसत नाही, कारण तिथे पाठवणारा आपला मामा असतो नाहीतर शाळेतला मित्र असतो. पण तोच मेसेज फॉरवर्ड होत होत चार दिवसांत अख्ख्या जिल्ह्यात फिरतो तेव्हा परिणाम मास मीडियासारखाच होतो आणि विश्वास मात्र मामावर असतो तेवढा असतो. म्हणून मी तर त्याला धरतेच, पण धरताना हा फरक लक्षात ठेवायचा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

हा विषय जर्नालिझमवाल्यांचा ना? समाजशास्त्राचा काय संबंध?

बातमी कशी लिहायची, कॅमेरा कुठे लावायचा हे जर्नालिझमवाले शिकवतात. ती बातमी कोणाच्या पैशावर छापली, कोणापर्यंत पोचली, कोणी वाचून दाखवली, कोणाचं नाव तिच्यात कधी आलंच नाही, आणि वाचून झाल्यावर गावात काय बदललं, हे सगळं समाजशास्त्राचं. हॅरॉल्ड लासवेलचं १९४८ चं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, कोण म्हणतं, काय म्हणतं, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि परिणाम काय. सूत्र चांगलं आहे पण त्यात ऐकणारा माणूस एकटा बसलेला दिसतो. माझ्या आजोळी पेपर यायचा तो एकच, दुपारच्या एसटीने, आणि तो पारावर बसून एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मधेच कोणीतरी "हे काय खरं नाय" म्हणायचं आणि बातमीची किंमत तिथल्या तिथे ठरायची. हा पार लासवेलच्या सूत्रात कुठेच नाहीये. खरं सांगायचं तर हा सगळा विषय म्हणजे तो पार शोधायचा विषय आहे असं मला वाटतं.

बुलेट थिअरी म्हणजे काय? ती खोटी ठरली का?

मीडियाचा मजकूर बंदुकीच्या गोळीसारखा किंवा इंजेक्शनसारखा थेट डोक्यात घुसतो आणि सगळ्यांवर सारखाच परिणाम करतो, ही कल्पना. पहिल्या महायुद्धातला प्रचार बघून लोक खरंच हादरले होते, नंतर रेडिओ आला, हिटलर आला, त्यामुळे ही भीती हवेत होती. पण कोणा एका शास्त्रज्ञाने बसून नीट मांडलेली ही थिअरी नाही, नंतरच्या लोकांनी आधीच्यांच्या समजुतीला दिलेलं हे नाव आहे. परीक्षेत अमुक एकाची थिअरी असं छातीठोक लिहू नका.

पुरावा म्हणून सगळे ३० ऑक्टोबर १९३८ ची गोष्ट सांगतात. ऑर्सन वेल्सचं रेडिओ नाटक अमेरिकेत सीबीएसवर लागलं, मंगळावरचे जीव न्यू जर्सीत उतरलेत असं बातमीपत्राच्या थाटात सांगितलं आणि म्हणे देशभर लोक घराबाहेर पळत सुटले. आता हे बरंचसं फुगवलेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी ते फुगवलं, आणि त्यांचा तेव्हा रेडिओवर रागच होता कारण जाहिराती तिकडे चालल्या होत्या. घाबरलेले लोक होते, नव्हते असं नाही, हॅडली कँट्रिलने त्यांच्या मुलाखती घेऊन १९४० मध्ये अभ्यास छापला आणि त्याला दिसलं ते असं की काहींनी दुसरं स्टेशन लावून बघितलं, पेपरातला कार्यक्रम तपासला आणि निवांत बसले, काहींना ते सुचलंच नाही. एकच नाटक, एकच रात्र, आणि माणसागणिक परिणाम वेगळा. म्हणजे गोळीची कल्पना सिद्ध करायला जी गोष्ट सांगतात तीच गोष्ट तिला मोडते.

टू-स्टेप फ्लो सोप्या भाषेत सांगा ना.

१९४० ची अमेरिकेची निवडणूक, ओहायो राज्यातली एरी काउंटी. पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ६०० लोकांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारलं की मत कोणाला, का, आणि मधे बदललं तर कशामुळे. अपेक्षा होती की रेडिओ आणि पेपरमुळे मतं फिरतील. फिरली ती अगदी थोड्यांची, शंभरात आठेक माणसं एका पक्षाकडून पूर्ण दुसरीकडे गेली. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. आणि कोणाशी बोलून ठरवलं असं विचारलं तर नावं यायची ती शेजाऱ्याची, कामावरच्या माणसाची, घरातल्या कोणाची.

त्यावरून कल्पना निघाली की मजकूर आधी ओपिनियन लीडरकडे जातो आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे. लीडर म्हटलं की मुलं लगेच सरपंच आणि आमदार लिहितात. तसं नाही. १९५५ मध्ये कॅट्झ आणि लाझर्सफेल्डने इलिनॉयमधल्या डिकेटर गावातल्या बायकांचा अभ्यास मांडला त्यात स्वच्छ दिसतं की विषय बदलला की लीडर बदलतो, फॅशनचं विचारायचं तर तरुण मुलगी, बाजारहाटाचं विचारायचं तर मोठ्या कुटुंबाची अनुभवी बाई. आपल्याकडेही बियाणं कुठलं घ्यायचं ते एकाला विचारतात आणि मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं ते दुसऱ्यालाच.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे असा काही अभ्यास झालाय का?

झालाय, आणि तो मराठी गावांत झालाय, आणि आपल्या पोरांना तो माहीत नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर.

१९५६ साल. आकाशवाणीचं पुणे केंद्र, युनेस्कोची मदत, आणि त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे. सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, दहा आठवडे, एकूण २० कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून ऐकायची. इथपर्यंत काही विशेष नाही, गावात रेडिओ तर पंचायतीचाही असायचा. विशेष ते पुढे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं, आपल्या गावात हे जमेल का, नाही जमणार तर का नाही, आणि जे प्रश्न उरतील ते पुणे केंद्राला लिहून पाठवायचे, केंद्र त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायचं. मूळ पद्धत कॅनडातली, तिकडच्या शेतकरी मंडळांची, ऐका, चर्चा करा, करून बघा.

मूल्यमापन केलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि त्याची धुरा होती पॉल नॉइराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाकडे. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा, नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत पोचलेला, तिथल्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला. लाझर्सफेल्डही व्हिएन्नाचाच, तोही कोलंबियातच. म्हणजे ज्या मंडळींनी एरी काउंटीत दाखवून दिलं की शेजारीपाजारी महत्त्वाचे, त्यांच्याच वर्तुळातला माणूस सोळाएक वर्षांत आपल्या जिल्ह्यांतल्या गावांत येऊन तीच गोष्ट तपासत होता.

तपासणी हुशारीने केली होती. मंडळ असलेली गावं घेतली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली, आणि रेडिओच नाही अशीही घेतली, आणि कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. रेडिओ तोच, आवाज तोच, वेळ तीच, फरक फक्त एकत्र बसून बोलण्याचा. मी वर्गात हे सांगते तेव्हा दरवेळी थांबून पुन्हा सांगते, कारण मास कम्युनिकेशनच्या अख्ख्या पेपरात याच्याइतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

आणखी एक गोष्ट नॉइराथच्या लक्षात आली की मंडळ गावात हळूहळू निर्णय घेणारी जागा व्हायला लागलं, एरवी सभेत तोंड न उघडणारी माणसं तिथे बोलायला लागली. १९५९ पासून ही योजना देशभर नेली. पुढे ती विरत गेली आणि रेडिओ घरोघरी खिशात आला, पण मला प्रश्न पडतो की रेडिओ वाढले तशी ती चर्चा का वाढली नाही.

पण मग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने माणसं मारली जातात, ती तर गोळीच झाली ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकली. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ मोबाईलवर फिरत होते. त्याच वर्षी देशात फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता, शेवटचा भाग काढून टाकला की ते खरं अपहरण वाटायचं.

आता विचार करा, तेच मेसेज पुण्या-मुंबईतल्या लाखो मोबाईलवर पण आले होते. तिथे माणसं भडकली तरी अनोळखी माणसाला धरून मारलं असं सगळीकडे झालं नाही. जिथे झालं तिथे मेसेजच्या आधीपासून काहीतरी होतं. दारावर येणाऱ्या भटक्या माणसाकडे चोर म्हणून बघायची नजर होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, नजर गेली नाही, आणि ती त्या यादीतल्या जमातींपुरती कधीच नव्हती, पाल ठोकून राहणाऱ्या सगळ्यांवर ती पडत आलीय. मेसेज त्या नजरेवर येऊन पडला. आणि मेसेज पाठवणारा ओळखीचा होता. म्हणजे टू-स्टेप फ्लोच, पण दोन्ही पायऱ्या एका मिनिटात चढलेला, आणि मधे पारावरचा "हे काय खरं नाय" म्हणणारा माणूस गायब.

व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड करायची मर्यादा पाच चॅटवर आणली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजला तर एकाच चॅटची. वेग कमी केला हे चांगलंच झालं. पण मेलेली पाचही माणसं ओळखपत्र दाखवत होती, आम्ही कोण ते सांगत होती, आणि त्यांच्या बोलण्याला त्या गर्दीत शून्य किंमत होती, हे कुठल्याही सेटिंगने बदलत नाही. नुसतं फेक न्यूज म्हणून ही घटना संपवली की भटक्या समाजाचा प्रश्नच तिच्यातून निघून जातो. कृपा करून उत्तरात तसं करू नका.

फंक्शनलिस्ट लोक काय म्हणतात?

पटकन सांगते. मीडिया समाजासाठी कामं करतो: आजूबाजूला काय चाललंय ते कळवतो, त्याचा अर्थ लावून देतो, संस्कृती पुढच्या पिढीकडे नेतो, आणि करमणूक करतो. पहिली तीन लासवेलची, चौथं चार्ल्स राइटने जोडलं. पाठ करा, पाच मार्क मिळतात.

मला मात्र मर्टन आणि लाझर्सफेल्डचा १९४८ चा लेख जास्त आवडतो. त्यात एक मुद्दा असा की मीडियात आलं की माणूस मोठा होतो, मोठा आहे म्हणून मीडियात आला आणि मीडियात आला म्हणून मोठा, असं ते चाक फिरतं. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा, वरती साहेबांचे फोटो, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे, सगळं लक्षात येईल. दुसरा मुद्दा सुन्न होण्याचा. माणूस रोज इतकं वाचतो आणि ऐकतो की आपल्याला सगळं माहितीये म्हणजे आपण काहीतरी केलंच असं त्याला वाटायला लागतं. दुष्काळाच्या दहा पोस्ट वाचल्या, हळहळलो, शेअर केल्या, झोपलो. ते याला मीडियाचा बिघाड म्हणतात, आणि हे त्यांनी टीव्ही घरोघरी पोचायच्या आधी लिहिलंय.

अजेंडा सेटिंगचं चांगलं उदाहरण हवंय, चॅपल हिल सोडून.

चॅपल हिल आधी दोन ओळींत, कारण ते लिहावंच लागतं. १९६८ ची निवडणूक, नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल, मॅककोम्ब्स आणि शॉने अजून मत न ठरवलेल्या १०० मतदारांना विचारलं की महत्त्वाचे प्रश्न कोणते, आणि मीडियात कुठल्या प्रश्नांना किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही क्रम जवळजवळ जुळले. लेख आला १९७२ मध्ये. कोणतं मत धरायचं ते मीडिया ठरवू शकेल न शकेल, कशावर विचार करायचा ते मात्र ठरवतो.

आता आपलं. २००६ मध्ये मुंबईत फॅशन वीक होता, ५१२ पत्रकार तो कव्हर करायला आले होते असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आणि भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितलं. मॉडेल सुती कपडे घालून चालत होत्या, आणि तो कापूस जिथे पिकतो त्या विदर्भात शेतकरी आत्महत्या करत होते, मुंबईहून नागपूर विमानाने तासाभरावर, आणि तिथे गेलेले राष्ट्रीय मीडियाचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या मीडियाला ती मोठी बातमी वाटायला कित्येक आठवडे लागले. आंबेडकरी कार्यकर्ते गावात जाऊन आले, फोटो आणि माहिती हातोहात फिरली, विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, आणि मग कॅमेरे आले. इथे अजेंडा खालून वर गेला, आणि तो वर न्यायला लोकांना लाठ्या खाव्या लागल्या. अजेंडा कोण सेट करतं हा प्रश्न वर्गात थिअरीचा वाटतो, न्यूजरूममध्ये कोणत्या जातींची माणसं बसतात आणि त्यांचे नातेवाईक कुठल्या गावांत राहतात हे विचारलं की तो थिअरीचा राहत नाही.

हाबरमासचं पब्लिक स्फिअर डोक्यावरून जातं.

जर्मन विचारवंत, पुस्तक १९६२ चं, इंग्रजीत यायला १९८९ उजाडलं. म्हणणं असं की अठराव्या शतकात युरोपात कॉफी हाउस, क्लब, छोटी नियतकालिकं यांच्यातून एक जागा तयार झाली, घरही नाही आणि दरबारही नाही, जिथे लोक राजकारभारावर वाद घालायचे आणि माणूस कोण यापेक्षा मुद्दा काय याला किंमत द्यायची असं निदान ठरलेलं तरी होतं. पुढे मोठा धंदा आणि जाहिरात आली आणि वाद घालणारे लोक नुसते ग्राहक झाले.

मराठीत याची सुरुवात बघायची तर ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी. सरकार आणि शिकलेली रयत एकमेकांना वाचू शकतील अशी ती रचना. म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो.

पण नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये हाबरमासला विचारलं की त्या कॉफी हाउसमध्ये बायका कुठे होत्या, कामगार कुठे होते. ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी आपापल्या वेगळ्या चर्चेच्या जागा उभ्या केल्या, आणि लोकशाहीसाठी त्याही तितक्याच महत्त्वाच्या. हे वाचताना मला दीनबंधू आठवतो. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढला, सत्यशोधकांचा पेपर, शेतकरी-कामकऱ्यांचं दुखणं मांडणारा, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवला आणि गिरणी कामगारांचे प्रश्न त्यात आले. आणि मग ३१ जानेवारी १९२०, बाबासाहेबांचं मूकनायक. नावातच सगळं आहे, ज्यांना मुकं केलं त्यांचा नायक. शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग, आता भीड धरून काय करू, तोंड उघडलंच पाहिजे अशा अर्थाचा. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली बहुतेक वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचं हित बघणारी आहेत. फ्रेझरच्या ७० वर्षं आधी. मग १९२७ मध्ये बहिष्कृत भारत, १९३० मध्ये जनता, १९५६ मध्ये प्रबुद्ध भारत, एक बंद पडलं की दुसरं. पैसा नाही, वर्गणीदार गरीब, तरी छत्तीस वर्षं हे चालू ठेवलं. पब्लिक स्फिअर ही आयती मिळणारी गोष्ट नाही, ती कोणीतरी पदरमोड करून उभी करतं, हे या वर्तमानपत्रांकडे बघून जेवढं कळतं तेवढं कॉफी हाउसकडे बघून कळत नाही.

मार्क्सवादी लोकांचं मत एवढं निराशाजनक का असतं?

अडोर्नो आणि होर्कहायमर हे जर्मनीतून हिटलरमुळे पळालेले लोक, अमेरिकेत येऊन हॉलीवूड आणि रेडिओ बघितला आणि म्हणाले की ही तर संस्कृतीची फॅक्टरी आहे, साच्यातून माल निघतोय आणि लोक गप्प बसायला शिकतायत. मला ते अर्धं पटतं. लोक इतकेही गप्प नसतात.

हर्मन आणि चॉम्स्कीचं १९८८ चं मॉडेल जास्त हाताला लागतं, बातमी पाच चाळण्यांतून गाळून येते, मालकी, जाहिरात, बातमीचा सरकारी-बड्या लोकांचा स्रोत, दबाव, आणि एक शत्रू दाखवायची गरज, त्यांच्या काळात तो शत्रू कम्युनिझम. महाराष्ट्रात जाहिरातीची चाळणी एकदा उघडी पडली ती २००९ च्या निवडणुकीत. उमेदवाराची स्तुती बातमी म्हणून छापायची, पॅकेज घ्यायचं, वाचकाला सांगायचं नाही. एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्दश: सारखा आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, अहवाल झाला, पेड न्यूज हा शब्द मराठीत रुळला. इथे सेन्सॉर कोणी नव्हतं, धमकी नव्हती, फक्त रेट कार्ड होतं.

स्टुअर्ट हॉल एका उदाहरणात?

हॉल जमैकात जन्मलेला, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला काम केलेला. १९७३ मध्ये म्हणाला की मजकूर बनवणारा त्यात एक अर्थ भरतो पण वाचणारा तो तीन तऱ्हेने घेऊ शकतो, जसाच्या तसा, थोडा मान्य थोडा अमान्य करून, किंवा पूर्ण उलटा.

उदाहरण आपल्याच मातीतलं. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि पुण्यातल्या एका पेपराने त्यावरून अख्ख्या स्त्रीजातीला दोष देणारं लिहिलं. बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदेंनी ते वाचलं आणि चिडून १८८२ मध्ये स्त्रीपुरुषतुलना लिहिलं, की बाईला दोष देता, मग तिला त्या अवस्थेला आणणारा पुरुष आणि पुनर्विवाह बंद करणारी रीत यांचं काय. बातमी तीच, अर्थ पूर्ण उलटा. हॉलचा तिसरा वाचक शोधायचा तर मला यापेक्षा चांगला माणूस सापडलेला नाही.

रोजचं उदाहरण हवं असेल तर आईबरोबर बसून संध्याकाळची सिरियल बघा. सून सगळं सोसते तशी चांगली ठरते हा भरलेला अर्थ. आई म्हणेल "घर सांभाळायला पाहिजे हे खरं, पण हिने एवढं ऐकून घ्यायची काय गरज होती." हा मधला वाचक.

स्पायरल ऑफ सायलेन्स?

एलिझाबेथ नोएल-नॉयमान, १९७४. एकटं पडायची भीती असते म्हणून माणूस हवा कुठली आहे ते बघतो, आपलं मत कमी लोकांचं वाटलं की गप्प बसतो, तो गप्प बसला की ते मत आणखीच कमी वाटतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एखाद्या समाजाबद्दल घाण पोस्ट टाकतं, तिघे अंगठा दाखवतात, साठ जण वाचून गप्प राहतात. त्या साठांत पटलेलं नाही असे कितीतरी असतात. मीही अशी गप्प बसलेय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर एकदा एवढंच लिहिलं की हे मला बरोबर वाटत नाही, तर दहा मिनिटांत चार जणांचे वेगळे मेसेज आले की आम्हालाही नव्हतं वाटत. ग्रुपवर मात्र कोणी लिहिलं नाही.

कल्टिवेशन आणि नॉलेज गॅप, शॉर्टमध्ये?

कल्टिवेशन, गर्बनर: जो फार टीव्ही बघतो त्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं. नॉलेज गॅप, १९७०, टिशनर, डोनोह्यू आणि ओलिएन: माहिती वाढली की शिकलेल्यांचं ज्ञान जास्त वेगाने वाढतं आणि दरी उलट रुंद होते. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर गेली तेव्हा एका घरात तीन मुलं आणि एक फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, हे ज्याने पाहिलं त्याला ही थिअरी वेगळी शिकवायला लागत नाही.

मॅकलुहान?

माध्यमांवर लिहिणारा कॅनडाचा विचारवंत, १९६४ मध्ये म्हणाला, माध्यम हाच संदेश. बातमीत काय आहे यापेक्षा ती रेडिओवर ऐकतोय की रीलमध्ये बघतोय यानेच आपली सवय, वेळ आणि नाती बदलतात. निरीक्षण जबरदस्त आहे, पण फोन कोणाच्या हातात आहे याकडे त्याचं लक्ष कमी. घरातल्या मुलीचा फोन भाऊ तपासतो तिथे माध्यमाचा संदेश दोघांना एकच कसा असेल.

आता सगळं अल्गोरिदम ठरवतो, मग जुन्या थिअरी बाद ना?

नाही हो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत पोचली तेव्हा अल्गोरिदम नव्हता, फोन होते आणि नातेवाईक होते. अल्गोरिदमने नवीन काय आणलं तर शेजारी दोघांना दोन वेगळे पेपर दिले आणि दुसऱ्याच्या पेपरात काय आहे ते दिसेनासं केलं. पूर्वी पारावर भांडायला निदान बातमी एकच असायची. कोण निवडतं, कोणाच्या फायद्यासाठी, कोणाला दिसत नाही, हे जुनेच प्रश्न आहेत, निवडणारा संपादक होता तेव्हा त्याच्या ऑफिसवर मोर्चा नेता यायचा एवढा मोठा फरक पडला.

प्रोजेक्टला छोटा विषय सुचवाल का? पैसे नाहीत, वेळ दोन महिने.

एक गाव, एक चाळ किंवा एक सोसायटी घ्या. वीस घरं पुरे. एकच बातमी निवडा, पाण्याची, एसटीची, कांद्याच्या भावाची, लोकांच्या जिव्हाळ्याची पाहिजे. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: ही पहिल्यांदा कुठे कळली, खरी वाटली का, खरी आहे का ते कोणाला विचारलं, आणि नंतर काय केलं. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं बाणांनी कागदावर काढा, कोणाकडून कोणाकडे. ज्या नावाकडे जास्त बाण येतील त्या माणसाला शेवटी भेटा, आणि ज्या घराकडून कोणाकडेच बाण जात नाही त्या घरी मात्र दोनदा जा. बायकांना वेगळं भेटा, पुरुष शेजारी बसले की उत्तरं बदलतात. जात विचारायची घाई करू नका, वस्ती कुठे आहे, नळ कुठे आहे, देवळापासून किती लांब ते नकाशावर मांडा, पुष्कळसं तिथेच दिसेल. आणि मुलाखत झाली की वही बंद करून चहा घ्या, खरी माहिती बऱ्याचदा त्यानंतर सुरू होते, ती घरी येऊन त्याच रात्री लिहून काढा.